शिंपी राहतो की राहत होता?

राजधानी कीतोच्या एका छोट्याशा निसर्ग-संग्रहालयात डॉक्टर लेओनिदास चिरिबोगा यांना दोनच गोष्टींचा अभिमान होता. एक, स्वतःच्या मिशा आणि दोन, स्वतःची क्रियापदं. त्यातल्या मिशांना ते निदान रविवारी सुट्टी देत!

"एकतीस वर्षं झाली," कॉफी ढवळता ढवळता ते सांगत, "एकतीस वर्षांत माझ्या हातून बाहेर गेलेल्या एकाही कागदात काळ चुकलेला नाही. बेडूक चुकला असेल, काळ नाही!"

आणि हे खरं होतं. एकदा त्यांनी एक भलताच बेडूक भलत्याच बरणीत घातला होता, पण बरणीवरच्या चिठ्ठीतलं वाक्य कसं निर्दोष होतं! संग्रहालयातल्या पोरांना शोधनिबंध लिहिण्याची भीती नव्हती, भीती होती ती डॉक्टरांच्या लाल पेन्सिलीची. ती खिशातून बाहेर आली की पोरांचे चेहरे दाढ काढायला बसल्यासारखे व्हायचे.

डॉक्टरांचा नियम सोपा होता. "आपण केलं, पाहिलं, मोजलं, ते सगळं भूतकाळात. पुढे करणार असू ते भविष्यकाळात. आणि वर्तमानकाळ? ती देवाची आणि गुरुत्वाकर्षणाची जागा. तिथे आपण पाय ठेवायचा नाही!"

तर जूनच्या पहिल्या आठवड्यात हिमेना गुआमान आपला अहवाल घेऊन त्यांच्यासमोर बसली. वय अठ्ठावीस, हुशार, आणि गेली दोन वर्षं सान एलोय नावाच्या डोंगरी गावात गुडघाभर चिखलात उभी राहून तिने एका बेडकाचा पिच्छा पुरवला होता. बेडूक अंगठ्याएवढा, हिरवट, आणि त्याचा आवाज थेट कात्रीसारखा, कच्-कच्-कच्! म्हणून गावाने त्याचं नाव ठेवलं होतं 'शिंपी'. हा शिंपी साऱ्या दुनियेत फक्त सान एलोयच्या झऱ्यावर होता, आणि त्याच्यामुळेच सरकारने त्या झऱ्याची घळ राखीव ठेवली होती. नाहीतर केव्हाच तिथून रस्ता गेला असता. सगळं गाव त्याच झऱ्याचं पाणी पीत होतं, त्यामुळे शिंपी म्हणजे गावाचा जावईच जणू. कुणी पाहिलेला फारसा नाही, पण मान मोठा!

डॉक्टरांनी पहिलंच वाक्य वाचलं आणि मिशा थरथरल्या.

"'हा बेडूक झऱ्याकाठच्या ओल्या पानांखाली राहतो.' राहतो? कुणी सांगितलं?"

"मी पाहिलाय ना सर."

"कधी?"

"शेवटचा चौदा मार्चला."

"आज तारीख काय?"

"चार जून."

"मधल्या काळात तू त्याला फोन केला होतास?"

"नाही सर, पण..."

"मग तुला काय ठाऊक तो राहतो? तू पाहिलास तेव्हा तो राहत होता. शास्त्रज्ञ जेवढं पाहतो तेवढंच सांगतो!" आणि पेन्सिल चालली. 'राहतो'चं 'राहत होता' झालं. 'ओरडतो'चं 'ओरडत असे' झालं. 'आहे' जिथे जिथे सापडला तिथे तिथे त्याचा 'होता' झाला.

"सर, मोजलं ते आपण," हिमेना चिकाटीने म्हणाली. "आपलं मोजणं संपलं, ते भूतकाळात घाला. पण राहणं त्याचं आहे हो. ते चालूच आहे."

"तू कवयित्री हो," डॉक्टर म्हणाले. "इथे विज्ञान चाललंय."

एवढ्यावर ते थांबले असते तरी निभावलं असतं. पण सरकारी खात्याला पाठवायचा एक पानाचा सारांश त्यांनी स्वतः लिहायला घेतला, आणि काय लिहिला! 'हा एक लहानसा हिरवा बेडूक होता. तो सान एलोयच्या झऱ्याकाठी राहत असे. तो स्वभावाने बुजरा होता. त्याचा आवाज गावाला प्रिय होता.' खाली झोकात सही. हिमेनाने तो वाचला आणि ती रुमाल शोधू लागली. डॉक्टरांना वाटलं, भाषेचा परिणाम!

अकराव्या दिवशी, बुधवारी सकाळी, डॉक्टरांच्या घरचा फोन वाजला. डॉक्टर दाढी करत होते. फोन बायकोने, पिएदादबाईंनी घेतला. पलीकडे सान एलोयच्या सरपंच दोन्या रोसाउरा होत्या, आणि त्या हमसून हमसून रडत होत्या.

"बाई, शिंपी गेला हो! डॉक्टरांना सांगा, शिंपी गेला!"

"अरे देवा!" पिएदादबाई मटकन खुर्चीत बसल्या. "कधी?"

"आम्हाला तरी कुठे ठाऊक! आज रेडिओवर पेपर वाचून दाखवला, त्यात आलंय. गरीब बिचारा, कुणाला कळलंसुद्धा नाही!"

फोन ठेवून पिएदादबाई न्हाणीघराच्या दाराशी गेल्या. "अहो, ऐकलंत का? आपला शिंपी वारला! आपले कपडे शिवणारा आब्दोन! आणि तुमची करडी पँट त्याच्याकडेच आहे!"

डॉक्टरांच्या तोंडाला फेस होता, त्यामुळे त्यांनी काय उत्तर दिलं ते बाईंना कळलं नाही. त्या पायात चपला सरकवून निघाल्यासुद्धा. कोपऱ्यावरून पांढरी फुलं घेतली, शिंप्याच्या दुकानाशी पोचल्या, आणि पाहतात तर आब्दोन गळ्यात टेप घालून दारात उभा!

"या बाई! फुलं कुणासाठी?"

पिएदादबाईंनी एकदा फुलांकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं. "तुमच्यासाठीच," त्या म्हणाल्या. "पँट वेळेवर झाली म्हणून."

"पण ती झालेली नाही अजून!"

इकडे डॉक्टरांनी पेपर उघडला होता. तिसऱ्या पानावर चौकटीत मथळा: 'सान एलोयचा शिंपी नामशेष!' आणि खाली: 'प्रसिद्ध बेडूकतज्ज्ञ डॉ. लेओनिदास चिरिबोगा यांनी हृदयस्पर्शी शब्दांत या बेडकाला निरोप दिला आहे.' त्याखाली खात्याला पाठवलेला त्यांचा सारांश, जसाच्या तसा.

"निरोप? मी कुणाला निरोप दिला?" डॉक्टर ओरडले. आणि संग्रहालयात पोचताच हिमेनाने त्यांच्यापुढे सरकारी खात्याचं पत्र ठेवलं. ज्या प्राण्यासाठी घळ राखीव होती तो प्राणी आता नसल्याने राखीवपणा रद्द. रस्त्याचं यंत्र शनिवारी सकाळी घळीत उतरेल. खात्याच्या संशोधकांच्या यादीतलं हिमेनाचं नावही त्याच पत्राने काढून टाकलं होतं. संशोधनाला विषयच उरला नाही तर संशोधक कशाला?

हिमेना रडली नाही, ओरडली नाही. तिने पत्राशेजारी आपला लाल रेघांचा अहवाल उघडून ठेवला. डॉक्टरांना ते जास्त लागलं.

त्यांनी तडक खात्यातल्या विनिसिओसाहेबांना फोन लावला.

"साहेब, बेडूक जिवंत आहे!"

"अभिनंदन. पण कागदावर तो मेलाय."

"मी कुठे लिहिलंय मेला म्हणून?"

"'राहत असे.' 'बुजरा होता.' डॉक्टर, माझे आजोबा आंबातोला राहत असत. तेही बुजरे होते. मी स्वतः त्यांना पुरून आलोय!"

"अहो, तो शास्त्रीय भूतकाळ आहे!"

"आम्ही सरकारी माणसं. आमच्याकडे एकच भूतकाळ असतो." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. "हे बघा, शुक्रवारी दुपारी बारापर्यंत फाईल माझ्या टेबलावर आहे. तोवर तो जिवंत असल्याचा पुरावा द्या. जुना फोटो नको हं! त्या दिवशीचं वर्तमानपत्र फोटोत दिसलं पाहिजे."

"बेडकाजवळ वर्तमानपत्र?"

"पळवून नेलेल्या माणसांचे फोटो तसेच काढतात," विनिसिओसाहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

गुरुवारी पहाटेच्या बसने डॉक्टर आणि हिमेना निघाले. बस वळणं घेत होती आणि डॉक्टर मनातल्या मनात क्रियापदं चाळत होते. चौथ्या तासाला त्यांना एक सापडलं.

"हिमेना, 'राहत आला आहे' असं लिहिलं असतं तर?"

"सर," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आत्ता नको."

सान एलोयच्या चौकात बस थांबली, आणि डॉक्टर पायरीवरच थबकले. चौकातल्या शिंपी बेडकाच्या सिमेंटच्या पुतळ्याला काळी फीत बांधलेली. शाळेची पोरं रांगेत. चर्चची घंटा थांबून थांबून वाजतेय. पाद्री एफ्राइन काळा झगा घालून पायऱ्यांवर उभे, आणि दोन्या रोसाउरा काळ्या शालीत पुढे येऊन डॉक्टरांच्या गळ्यातच पडल्या.

"डॉक्टरसाहेब! तुमच्यावर काय प्रसंग आला! तुमचं लिहिलेलं वाचलं आणि अख्खं गाव रडलं बघा. 'त्याचा आवाज गावाला प्रिय होता...'"

"बाई, तो मेलेला नाही!"

दोन्या रोसाउरांनी पाद्र्यांकडे पाहिलं. पाद्र्यांनी मान हलवली.

"बसा हं," दोन्या रोसाउरा हळुवारपणे म्हणाल्या. "असंच होतं पहिल्यांदा. माझा नवरा गेला तेव्हा मीही आठ दिवस हेच म्हणत होते. कुणीतरी गरम पाणी आणा रे, गूळ घालून!"

"अहो, खरंच जिवंत आहे! तो नुसता भूतकाळ होता!"

"आपण सगळेच एक दिवस भूतकाळ होणार आहोत, बाळा," पाद्री एफ्राइन म्हणाले. डॉक्टरांचं वय एकोणसाठ होतं.

हिमेना मध्ये पडली. "दोन्या रोसाउरा, तुम्ही झऱ्यावर जाऊन पाहिलं का कुणी?"

"गेलो होतो की. आवाजच नाही! तीन आठवडे एक कच् नाही!"

"तीन आठवडे पाऊसच नाही! कोरड्यात तो तोंड उघडतो का कधी?"

दोन्या रोसाउरा थबकल्या. "अगं हो... पण राजधानीच्या डॉक्टरांनी सहीनिशी लिहिलं म्हटल्यावर आम्ही आमच्या कानावर कशाला विश्वास ठेवू?"

मग हिमेनाने बाकावर उभं राहून सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. डॉक्टरांनी 'राहतो'च्या जागी 'राहत होता' का केलं, खात्याने त्याचा अर्थ काय घेतला, आणि शनिवारी काय येणार आहे. गूळपाण्याचा पेला डॉक्टरांच्या ओठांपर्यंत पोचला होता. तो दोन्या रोसाउरांनी काढून घेतला.

"म्हणजे एका 'होता'पायी आमचं पाणी जाणार?" त्या म्हणाल्या. आता काळी शाल डोळ्यांशी नव्हती, कमरेला खोचली होती. "मी सगळ्या गावाला काल रात्रभर जागरण घातलं! माझी मेंढी गेली जेवणात! ती मात्र खरंच 'होती' हो डॉक्टर, ती भूतकाळातच जमा झाली!"

डॉक्टरांना आयुष्यात प्रथमच आपल्या सहीची लाज वाटली. ते काहीतरी बोलायला गेले, पण जे वाक्य आठवेल त्याच्या शेवटी 'होतं'च येत होतं, म्हणून ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून घळीकडे निघाले.

त्या संध्याकाळी अंधार पडेपर्यंत त्यांनी घळ पालथी घातली. एक पान सोडलं नाही. शिंपी नाही म्हणजे नाही! डॉक्टर दोनदा घसरले. दुसऱ्यांदा घसरले ते थेट झऱ्यापर्यंत, बसल्या बसल्या. रात्री दोन्या रोसाउरांनी त्यांच्यापुढे उकडलेल्या मक्याची ताटली आदळली आणि म्हणाल्या, "जेवा. तुमच्यावर राग आहे, तुमच्या पोटावर नाही."

डॉक्टर मक्याचे दाणे मोजत बसले. "हिमेना," ते हळूच म्हणाले, "समज, तो खरंच..."

"सर, हे वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. तुमच्या तोंडून ते फार लवकर खरं होतं."

शुक्रवारी उजाडलं ते झिमझिम पावसात. घळीत धुकं कसं कापसासारखं भरलं होतं. हिमेनाने डॉक्टरांना गदागदा हलवलं. "उठा सर! ओल आली!"

पण वर्तमानपत्र? ते दहाच्या बसने येणार, आणि गावात त्याची एकच प्रत, ती पाद्री एफ्राइन यांची! दहाची बस पावणेअकराला आली. पाद्र्यांनी पेपर दिला, पण एका अटीवर: "खेळाचं पान माझ्याकडे राहू दे. त्याला काय करायचंय खेळाचं पान?"

उरलेला पेपर कोटाखाली धरून डॉक्टर घळीत धावले. मागून हिमेना, तिच्यामागे दोन्या रोसाउरा, आणि त्यांच्यामागे निम्मं गाव.

"सगळे मागे राहा!" हिमेना म्हणाली. "माणसं पाहिली की तो बंद होतो. सर, आता तुमच्याशिवाय कुणी नाही. बोलवा त्याला."

"मी?"

"तुम्हाला येतो ना आवाज! दर नाताळच्या पार्टीत काढता!"

डॉक्टर लेओनिदास चिरिबोगा, तेवीस शोधनिबंधांचे लेखक, यांनी चिखलात गुडघे टेकले, गाल फुगवले, आणि जीव ओतून म्हणाले, "कच्-कच्-कच्!"

काही नाही. मागे कुणीतरी फिसकन हसलं. दोन्या रोसाउरांनी त्याला चापट मारली.

"कच्-कच्-कच्!"

आणि एका ओल्या पानाखालून, अगदी हातभर अंतरावरून, नाराज म्हाताऱ्यासारखं उत्तर आलं. "कच्."

डॉक्टरांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एकतीस वर्षांत किती बेडूक त्यांनी पाहिले असतील, पण कुणी असं आपल्याशी बोललंय असं कधी वाटलं नव्हतं. हिमेनाने अलगद पान उचललं, पेपर पुढे सरकवला, आणि शिंप्याने टुणकन उडी मारली ती नेमकी पेपरावरच! फोटो निघाला. अकरा वाजून चाळीस मिनिटं. फोनला रेंज मिळत होती ती फक्त घळीतल्या एका खडकावर, त्यामुळे हिमेना त्यावर एका पायावर उभी राहिली आणि फोटो गेला.

दोन मिनिटांत विनिसिओसाहेबांचा फोन, तो घ्यायला डॉक्टर खडकावर चढले.

"डॉक्टर, फोटो मिळाला. माझी सहानुभूती."

"कसली सहानुभूती?"

"तुम्हीच छापलीत ना निधनवार्ता? बेडूक चौकटीत दिसतोय. वर क्रूस आहे, खाली 'शोकाकुल परिवार' लिहिलंय."

डॉक्टरांनी पेपर पाहिला. खेळाचं पान पाद्र्यांनी काढून घेतलं, त्यामुळे वर आलं होतं ते नेमकं श्रद्धांजलीचं पान! आणि शिंपी कुणा थोर गृहस्थाच्या चौकटीत मांडी ठोकून बसला होता.

"साहेब, ती चौकट दुसऱ्याची आहे! बेडूक फक्त बसलाय तिथे!"

"बसलाय की बसला होता?"

"बसलाय! आत्ता! या क्षणी! वर्तमानकाळात!" डॉक्टर इतक्या जोरात ओरडले की धुक्यातून प्रतिध्वनी आला. "ऐका, मी तुम्हाला त्याचा आवाज ऐकवतो!"

हिमेनाने शिंप्यासकट पेपर अलगद खडकावर आणला आणि डॉक्टरांनी फोन त्याच्याजवळ धरला. शिंपी गप्प. बाराला सात मिनिटं. नाइलाजाने डॉक्टरांनी पुन्हा गाल फुगवले. "कच्-कच्-कच्!" आणि शिंप्याने लगेच, "कच्-कच्!"

फोनमधून पेनची टिकटिक ऐकू आली.

"दोन आवाज आले," विनिसिओसाहेब शेवटी म्हणाले. "यातला बेडूक कोणता?"

"दुसरा."

"अस्सं? पहिला जास्त खरा वाटला." मग शिक्का मारल्याचा धप्प आवाज आला. "ठीक आहे. यंत्र थांबवतो. पण दुरुस्ती लेखी पाठवा. आणि डॉक्टर, सारांश दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या."

घळीत जो गलका झाला त्याने शिंपी घाबरून पळाला, तो पुन्हा दिसला नाही. दोन्या रोसाउरांनी डॉक्टरांना मिठी मारली. कालचीच मिठी, पण या वेळी जरा फासळ्या वाजल्या. गूळपाण्याचा पेला परत मिळाला, आणि त्यात काहीतरी चढणारंही होतं.

परतीच्या बसमध्ये डॉक्टरांनी खिशातून लाल पेन्सिल काढली, थोडा वेळ बोटांत फिरवली आणि हिमेनाच्या वहीवर ठेवली.

"दुरुस्ती तू लिही," ते म्हणाले. "मोजणं आपलं, राहणं त्याचं. तू म्हणालीस तेव्हा मी ऐकायला हवं होतं."

हिमेनाने एकच ओळ लिहिली: 'आम्ही दोन वर्षांत एक्क्याऐंशी बेडूक मोजले; हा बेडूक सान एलोयच्या झऱ्याकाठी राहतो.' डॉक्टरांनी ती तीनदा वाचली. मग खाली सही केली, बारीक अक्षरात.

घळ वाचली, हिमेनाचं नाव यादीत परत आलं, आणि वर्षभराने ती बेडूक विभागाची प्रमुख झाली. कारण डॉक्टर निवृत्त झाले. पण सरकारी खातं एकदा पोळलेलं! पुन्हा कुणाच्या क्रियापदावर भरवसा ठेवायचा नाही, असं तिथे ठरलं. दर जूनमध्ये सान एलोयच्या शिंप्याचा हयातीचा दाखला सादर करावा, सोबत त्या दिवशीचं वर्तमानपत्र, आणि जबाबदार व्यक्ती म्हणून डॉ. लेओनिदास चिरिबोगा. त्यामुळे दर जूनमध्ये डॉक्टर घळीत गुडघे टेकून कच्-कच् करतात, आणि सगळं गाव जेवणाचे डबे घेऊन बघायला येतं.

जुलैत त्यांना त्याच इमारतीत, शेजारच्याच खिडकीवर, निवृत्तिवेतनासाठी स्वतःच्या हयातीचा दाखला द्यावा लागतो. बेडकाचा दाखला पहिल्या फेरीत मंजूर होतो. डॉक्टरांच्या दाखल्याला आजवर तीन खेपांशिवाय कधी भागलेलं नाही!